'शुड रीच बाय फ्रायडे' म्हणजे माल शुक्रवारी येणार का?



"सर, सप्लायरचा मेसेज आलाय, मटेरियल शुड रीच बाय फ्रायडे. म्हणजे शुक्रवारी माल येणार ना? गिऱ्हाइकाला शब्द देऊन टाकू?"

अशा अर्थाचा प्रश्न मला सारखा येतो. कधी 'शुड'च्या जागी 'माइट' असतो, कधी 'लाइकली', कधी 'वुई डाउट'. विचारणारा माणूस धंद्यात कच्चा नसतो. मार्जिन कळतं, गिऱ्हाईक कळतं, मालाचा दर्जा हात लावून सांगेल. फक्त इंग्रजी शाळेत जेवढं झालं तेवढंच झालं, आणि आता मालाचे, बँकेचे, ऑनलाइन ऑर्डरचे सगळे मेसेज इंग्रजीत येतात.

उत्तर आधीच देतो. शब्द देऊ नका. 'शुड' दिसलं की आपल्या डोक्यात शाळेतलं 'पाहिजे' येतं. यू शुड गो, तू गेलं पाहिजे. म्हणून 'शुड रीच' म्हणजे 'पोहोचलंच पाहिजे', एकदम पक्कं, असं वाटतं. इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात तिथे सक्ती नसते, अंदाज असतो. 'सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर शुक्रवारपर्यंत पोहोचायला हरकत नाही', एवढंच त्याने म्हटलंय. 'सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर' हा तुकडा त्याने वेगळा लिहिला नाही, तो 'शुड'मध्येच गुंडाळलेला आहे. आपण तो तुकडा वाचतच नाही.

व्हिडिओत हे मी पळत पळत सांगितलं. इथे जरा बसून बोलू. आणि हा स्पोकन इंग्लिशचा क्लास नाही, हे आधी लक्षात घ्या. व्याकरण नाही आलं तरी चालेल. पण समोरचा उद्याबद्दल बोलताना किती खात्रीने बोलतोय, हे कळलं नाही तर तुमचा ॲडव्हान्स अडकतो, सीझन निघून जातो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, याच्या शब्दाला काही किंमत नाही.

आधी आपल्या काउंटरवर या

मी पिंपळगाव राजात दुकान चालवतो. पाइप, मोटारीचे पार्ट, फवारणीचे पंप, ताडपत्री असा शेतीचा माल. घाटाखालच्या कोणत्याही दुकानदारासारखीच माझीही उधारीची वही आहे. उधारी मागितली की साधारण चार उत्तरं मिळतात:

"शनिवारी देणार आहे, पोराचा पगार हाये."

"देतो ना शनिवारी."

"देईन ना भाऊ, शनिवारी-रविवारी."

"पाहू, सोयाबीन निघू द्या."

यातला कोणता शनिवारी येणार हे तुम्हाला मला विचारावं लागत नाही. 'देणार आहे' म्हणणाऱ्याने मनात पैसे मोजून ठेवलेत. 'देतो ना' म्हणणारा उभ्या उभ्या विषय मिटवतोय. 'देईन ना'मध्ये इच्छा आहे, तारीख नाही. 'पाहू' म्हणजे पाहू. (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे वऱ्हाडीत 'तो येईन', 'पाणी येईन' असंच म्हणतात. पुण्याच्या माणसाला वाटतं, हा स्वतःबद्दल बोलतोय. तसं नाही, आमचं 'येईल' ते 'येईन'च असतं.)

आभाळाचंही तसंच. सकाळी चहा घेताना कोणी म्हणालं 'आज पाऊस येईल', तर तो त्याचा अंदाज झाला. पण पश्चिमेकडून काळंभोर भरून आलंय, वारा सुटलाय, आणि कोणी ओरडलं 'पाऊस येणार रे, ताडपत्री टाक', तर ते समोर दिसणाऱ्या पुराव्यावरून आहे. 'येईल' आणि 'येणार' यातला हा फरक आपल्याला कोणी शिकवला नाही, तरी कधी चुकत नाही.

इंग्रजीत क्रियापदाला आपल्या 'येईल'सारखं भविष्याचं वेगळं रूपच नाही. भूतकाळाला आहे, भविष्यकाळाला नाही. मग ते लोक काय करतात? पुढे एक छोटा शब्द लावतात: विल, शुड, मे, माइट, कुड. आणि गंमत अशी की त्या छोट्या शब्दातच खात्री किती आणि शंका किती तेही भरून टाकतात. वाक्यातले मोठे शब्द म्हणजे मटेरियल, डिस्पॅच, फ्रायडे हे आपल्याला समजतात. पैसे मात्र त्या छोट्या शब्दावर अडकलेले असतात.

पक्क्यापासून कच्च्यापर्यंत

सगळ्यात पक्कं काय? बहुतेक जण सांगतात 'विल'. माझं मत वेगळं आहे. व्यवहारात सगळ्यात पक्कं वाक्य म्हणजे 'वुई आर डिस्पॅचिंग ऑन मंडे'. बघा, यात 'विल' नाहीच. आपण म्हणतो ना, 'सोमवारी माल पाठवतोय', तसं. गाडी ठरलीय, माल बांधलाय, तेव्हा इंग्रजी माणूस असं बोलतो. त्याहून वरचं म्हणजे वेळापत्रक: 'द ट्रक लीव्ह्ज ॲट सिक्स', गाडी सहाला सुटते. एस.टी.च्या फलाटावरची भाषा.

'गोइंग टू' म्हणजे आपलं 'णार'. ठरवून झालंय, किंवा चिन्हं दिसतायत. 'प्राइसेस आर गोइंग टू गो अप' असं सप्लायरने लिहिलं तर विचारा, काय दिसलं? कच्च्या मालाचा भाव वाढला का? त्याच्याकडे काहीतरी कारण असण्याची शक्यता जास्त.

'विल' मध्ये दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे वचन, दुसरं म्हणजे नुसतं भाकीत. मृत्युपत्राला आपण 'विल' म्हणतो, मराठीत इच्छापत्र. तो हाच शब्द. मुळात त्याचा अर्थ इच्छा असाच होता, मग हळूहळू तो भविष्यकाळ दाखवायला लागला. म्हणून फोनवर बोलता बोलता कोणी म्हणालं 'ओके, आय विल सेंड इट टुमॉरो', तर तो निर्णय त्याने त्याच क्षणी घेतलाय. गोडाऊनला विचारलेलं नाही, गाडी पाहिलेली नाही. मनापासून म्हणाला असेल, पण तयारी शून्य. 'आय ॲम सेंडिंग इट टुमॉरो' आणि 'आय विल सेंड इट टुमॉरो' यात तुमच्या दोन दिवसांचा फरक पडू शकतो.

'बाउंड टू' मेसेजमध्ये कमी दिसतो, पण मजबूत आहे, म्हणजे होणारच. 'प्रॉबेबली' म्हणजे बहुतेक, बहुधा. 'शुड'चं वर सांगितलं.

आता खालचा मजला. 'मे', 'माइट', 'कुड'. तिघांचा अर्थ 'होऊ शकतं', म्हणजेच नाहीही होऊ शकत. 'माइट' 'मे'पेक्षा जरा पातळ, एवढंच. यात 'मे' जरा फसवा आहे, कारण तो परवानगीचाही शब्द आहे. 'यू मे रिटर्न द गुड्स विदिन सेव्हन डेज' इथे परत करायची मुभा आहे, पण 'द कलर मे व्हेरी' इथे रंग वेगळा निघू शकतो. ऑनलाइन घाऊक माल घेणाऱ्यांनी हे दुसरं वाक्य नीट वाचावं. रंग वेगळा आला म्हणून तुम्ही भांडायला गेलात की तो हेच वाक्य दाखवतो.

आणि 'होपफुली'. हा शब्द मला अजिबात आवडत नाही. 'होपफुली बाय मंडे' म्हणजे देव करो आणि सोमवारी येवो. त्यावर काय स्टॉक ठरवणार?

'डाउट'ची भानगड

याला वेगळी जागा देतो, कारण इथे भले भले अडकतात.

आपल्याकडे शाळेपासून 'सर, आय हॅव अ डाउट' म्हणायची सवय. म्हणजे मला प्रश्न आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला हे वाक्य ऐकून वाटतं, याला माझ्या म्हणण्यावर विश्वास नाही. बाहेरच्या देशातल्या गिऱ्हाइकाशी मेलवर बोलत असाल तर 'आय हॅव अ क्वेश्चन' लिहा. बस, एवढा बदल करा.

याहून महागात पडणारी जोडी म्हणजे 'डाउट' आणि 'सस्पेक्ट'. डिक्शनरीत पाहिलं तर दोन्हीकडे 'शंका', 'संशय' असंच मिळतं. पण वाक्यात ते उलट्या दिशेने जातात.

'आय डाउट ही विल पे', म्हणजे मला नाही वाटत तो पैसे देईल.

'आय सस्पेक्ट ही विल पे लेट', म्हणजे मला वाटतं तो उशिराच देईल.

पहिल्यात बोलणारा 'नाही'कडे झुकलाय, दुसऱ्यात 'हो'कडे. मराठीतही आपण 'मला शंका आहे' दोन्ही अर्थांनी वापरतो. 'तो येईल याची मला शंका आहे' म्हणजे येणार नाही असं वाटतं, आणि 'त्याने पैसे खाल्ले अशी मला शंका आहे' म्हणजे खाल्लेच असं वाटतं. आपल्याला संदर्भावरून कळतं. इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, आणि आपण दोन्हींचं भाषांतर एकच केलं की दिशाच बदलते. 'वुई डाउट द स्टॉक विल लास्ट टिल दिवाळी' असा मेसेज आला, तर स्टॉक दिवाळीपर्यंत पुरणार नाही असं तो सांगतोय. 'पुरेल की नाही, बघू' असं वाचून तुम्ही थांबलात तर तो माल दुसरा उचलतो.

'आय डोन्ट थिंक' मध्ये मात्र आपलं जमतं. 'मला नाही वाटत तो येईल' ही आपलीही पद्धत आहे. ते लोक याच वाक्यात नम्रपणे नकार देतात. 'आय डोन्ट थिंक वुई कॅन मॅच दॅट प्राइस' हा विचार चालू असल्याचा निरोप नाही. तो नकार आहे, दार अगदी थोडं किलकिलं ठेवून.

भाकितं ऐकायची सवय आपल्याला नवी नाही

आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. घटमांडणी माहीत नाही असा माणूस घाटाखाली सापडणं कठीण, पण बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट आखतात. भोवती गोलाकार अठरा प्रकारची धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, त्यावर पाण्याने भरलेली घागर, वर पुरी, पापड, कुरडई, करंजी असे पदार्थ. चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. रात्री तिथे कोणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातले महाराज काय हललं, काय भिजलं, काय जागेवर राहिलं ते पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराजांनी ही प्रथा सुरू केली आणि ती साडेतीनशे वर्षांची आहे असं सांगतात. ऐकायला शेतकरी येतात, व्यापारीही येतात.

ते खरं की खोटं यात मी पडत नाही. त्यावर वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक भरपूर आहेत. मी धंदेवाला म्हणून त्यातले शब्द ऐकतो. पीक 'चांगलं', 'साधारण', 'मोघम', भाव 'तेजीत', पाऊस 'कमी-जास्त'. 'मोघम' हा शब्द तर मला फारच आवडतो. इंग्रजीतल्या 'मे ऑर मे नॉट'ला याहून नेमका शब्द नाही! आता प्रश्न असा की 'साधारण' म्हणजे किती? एकरी किती क्विंटल? ऐकणारे शंभर जण शंभर आकडे धरून घरी जातात, आणि दिवाळीत प्रत्येकाला वाटतं, भाकीत बरोबर आलं. किंवा प्रत्येकाला वाटतं, चुकलं.

आपला हवामान विभाग या शब्दांना आकडे बांधतो. एप्रिलमध्ये नैऋत्य मान्सूनचा पहिला अंदाज येतो, मेच्या अखेरीस सुधारित. देशाची जून ते सप्टेंबरची दीर्घकालीन सरासरी 87 सेंटीमीटर धरलीय, 1971 ते 2020 या वर्षांवरून. त्याच्या 96 ते 104 टक्के पाऊस म्हणजे 'सामान्य'. 105 ते 110 'सामान्यपेक्षा जास्त', 90 ते 95 'सामान्यपेक्षा कमी'. म्हणजे टीव्हीवर 'यंदा सामान्य पाऊस' म्हणाले की त्यामागे आकडा आहे. रोजच्या बुलेटिनमधलं 'तुरळक ठिकाणी' सुद्धा हवेतलं नाही. त्या भागातल्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, असा त्याचा हिशेब आहे. 'बहुतेक ठिकाणी' म्हणजे 75 टक्क्यांच्या वर.

आता खरी मजा. त्याच इंग्रजी बुलेटिनमध्ये 'लाइकली' हा शब्द असतो. आपण त्याचं 'शक्यता आहे' करतो. हवामान विभागाच्या तक्त्यात 'लाइकली' म्हणजे 25 ते 50 टक्के. 'व्हेरी लाइकली' 50 ते 75, आणि 'मोस्ट लाइकली' 75 च्या वर. पण जागतिक हवामान बदलावर अहवाल काढणारी संयुक्त राष्ट्रांची समिती, आयपीसीसी, तोच 'लाइकली' शब्द 66 टक्के किंवा त्याहून जास्त शक्यतेसाठी वापरते, आणि 'व्हेरी लाइकली' 90 च्या वर. शब्द एक, वजन दोन! एकाच्या 'लाइकली'वर रुपयातले निम्मे लावायलाही विचार करावा, दुसऱ्याच्या 'लाइकली'वर दोन तृतीयांश लावता येतील.

इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांचाही यात गोंधळ होतो. अमेरिकेच्या सीआयएमध्ये शर्मन केंट नावाचे मोठे अधिकारी होते. 1951 मध्ये त्यांच्या विभागाने अहवाल दिला की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' आहे. नंतर परराष्ट्र खात्यातल्या एकाने सहज विचारलं, म्हणजे किती हो? केंट म्हणाले, माझ्या मते 65 ला 35. समोरचा चकित झाला, त्याने फारच कमी धरलं होतं. मग केंटनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं. सगळ्यांनी मिळून त्या वाक्यावर सही केली होती. त्यांच्या मनातले आकडे 20 टक्क्यांपासून 80 टक्क्यांपर्यंत निघाले. एक वाक्य, एक टेबल, सगळे शिकलेले, सगळ्यांची भाषा इंग्रजी. केंटनी नंतर 1964 मध्ये यावर लेख लिहिला आणि असल्या शब्दांना टक्के बांधून द्यावेत असं सुचवलं.

तेव्हा तुम्हाला एखाद्या मेसेजचा नेमका अर्थ लागला नाही तर लाजू नका. लिहिणाऱ्यालाही तो लागलेला असतोच असं नाही.

आता ताडपत्रीवर या

माझ्या दुकानात मे महिन्यात ठरवायचं असतं, ताडपत्री किती भरायची. पैसे अडकतात, जागा अडकते. न खपलेली ताडपत्री पुढच्या वर्षी विकता येते हे खरं, पण ते भांडवल तेवढे महिने झोपून राहतं.

पहिला विचार असा येतो की पाऊस चांगला सांगितला तर माल जास्त भरा. थांबा. अंदाज कशाबद्दल आहे ते आधी वाचा. तो जून ते सप्टेंबरचा आहे, आणि संपूर्ण देशाचा किंवा मध्य भारतासारख्या मोठ्या पट्ट्याचा आहे. आपल्या भागात ताडपत्रीची खरी धावपळ कधी होते? सोयाबीन सोंगून सुडी लावलेली असते आणि ऑक्टोबरमध्ये आभाळ भरून येतं तेव्हा. त्या दिवशी माणूस भाव विचारत नाही. आता सांगा, एप्रिलमधल्या 'सामान्य' शब्दाचा त्या ऑक्टोबरच्या दुपारशी किती संबंध? फार थोडा. म्हणून मी पावसाळ्यापूर्वीचा माल वेगळा धरतो, ऑक्टोबरचा वेगळा, आणि ऑक्टोबरसाठी सप्लायरशी सप्टेंबरमध्येच बोलतो.

आणि बोलताना 'स्टॉक असेल का?' असं विचारत नाही. त्याचं उत्तर 'यस, विल बी देअर' असंच येतं. विचारायचं असं:

'हाऊ मेनी पीसेस आर रेडी टुडे?' आज तयार किती आहेत?

'इज इट कन्फर्म्ड ऑर टेंटेटिव्ह?' पक्कं की तात्पुरतं?

'व्हॉट कुड डिले इट?' उशीर झाला तर कशामुळे होईल?

तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. पक्की तयारी असलेला माणूस म्हणतो, काही नाही, फक्त ट्रान्सपोर्टचा एक दिवस इकडे-तिकडे. तयारी नसलेला लांबलचक उत्तर देतो. त्यात कारखान्याची लाइट येते, लेबर येते, सणवार येतात. त्या उत्तराच्या लांबीवरून मी ॲडव्हान्स ठरवतो, खरं सांगतो.

ढोबळ पद्धत हवी असेल तर माझी अशी, पुस्तकातली नाही. 'आर डिस्पॅचिंग' आणि सोबत गाडीची पावती, तर गिऱ्हाइकाला तारीख सांगा. नुसतं 'विल', तर गिऱ्हाइकाला दोन-तीन दिवस पुढची तारीख द्या. 'शुड' किंवा 'लाइकली', तर गिऱ्हाइकाला तारीख देऊच नका, 'माल आला की फोन करतो' म्हणा. 'माइट', 'होपफुली', 'वुई विल ट्राय', तर दुसरा सप्लायर शोधायला लागा. सणाच्या किंवा पेरणीच्या तोंडावर मी प्रत्येक शब्द एक पायरी खाली उतरवूनच वाचतो.

एक इशारा द्यायला हवा. हे सगळं वजन ज्यांची इंग्रजी लहानपणापासूनची आहे, किंवा ज्यांनी ती नीट शिकलीय त्यांचं. तुमच्या-माझ्यासारखाच राजकोटचा किंवा इंदूरचा व्यापारी गुजराती-हिंदीत विचार करून इंग्रजीत टाइप करतो. त्याच्या 'विल डू'मागे 'हो जायेगा' असतं, आणि 'हो जायेगा'चं वजन आपल्या 'देतो ना शनिवारी'एवढंच. अशा वेळी सरळ फोन करा आणि हिंदीत बोला. मेसेजमध्ये वजन कळत नाही, आवाजात कळतं. मग ठरलेलं मात्र लिहून पाठवा.

लिहून देताना

भविष्याबद्दल तुम्ही स्वतः इंग्रजीत लिहाल तेव्हाचंही थोडं सांगतो.

बीबीएला बिझनेस कम्युनिकेशनमध्ये 'शॅल' आणि 'विल'चा फरक घोकला होता, कोणासोबत कोणता लावायचा वगैरे. रोजच्या बोलण्यात त्याचा आता काही उपयोग नाही. पण करारात, परचेस ऑर्डरमध्ये 'शॅल' अजून जिवंत आहे, आणि तिथे त्याचा अर्थ भविष्य नाही, बंधन आहे. 'द बायर शॅल पे विदिन 30 डेज' म्हणजे द्यावेच लागतील. तुम्ही पापड, मसाला, पिशव्या, काहीही बनवून एखाद्या मोठ्या दुकानाला पुरवत असाल आणि उद्यम नोंदणी केलेली असेल, तर 2006 चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी मुदत ठरली असली तरी ती 45 दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, आणि मुदतच ठरली नसेल तर 15 दिवस. (नुसता माल घेऊन विकणाऱ्या आम्हा दुकानदारांना हा फायदा नाही, तो बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे.) अशा वेळी खरेदीदाराने ऑर्डरमध्ये 'पेमेंट विल बी मेड ॲज सून ॲज पॉसिबल' लिहिलं तर हसून म्हणा, साहेब, इथे तारीख टाकू या.

'सब्जेक्ट टू' हे दोन शब्द दिसले की तर बोट ठेवून वाचा. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत शेवटी एक माणूस घाईघाईने 'बाजार जोखमीच्या अधीन' म्हणतो ना, तेच हे 'अधीन'. 'प्राइसेस सब्जेक्ट टू चेंज' असलेलं कोटेशन म्हणजे आजचा भाव, उद्याचा नाही. त्यावर तुम्ही ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कामाचा दर भरलात आणि मध्ये भाव वाढला, तर फरक तुमच्या खिशातून जातो. कोटेशनवर 'व्हॅलिड टिल' आणि तारीख मागून घ्या. तसं लिहून द्यायला बहुतेक जण तयार असतात, फक्त आपण मागत नाही.

आणि गिऱ्हाइकाला, खास करून बाहेरच्या गिऱ्हाइकाला लिहिताना मोकळेपणाने शंका लिहा. आपल्या लोकांना वाटतं, 'माइट' लिहिलं तर ऑर्डर जाईल. म्हणून सगळीकडे 'डेफिनेटली' लिहितात. त्या गिऱ्हाइकाला 'द पार्सल विल लीव्ह अवर शॉप ऑन मंडे, इट शुड रीच यू बाय सॅटर्डे, बट इट माइट टेक टू मोअर डेज इन द रेन्स' असं लिहून बघा. पहिला भाग तुमच्या हातात, म्हणून 'विल'. दुसरा कुरिअरच्या हातात, म्हणून 'शुड'. तिसरा पावसाच्या हातात, म्हणून 'माइट'. अशा वाक्यावर तो माणूस आपलं पुढचं काम आखू शकतो, आणि पार्सल सोमवारी पोहोचलं तरी भांडत नाही.

शेवटचं एक काम. उधारीची वही आहे तशी पुरवठ्याची एक वही करा. तीन रकाने: काय शब्द वापरला, कोणती तारीख सांगितली, माल खरा कधी आला. ऑर्डर झाली की पहिले दोन लगेच भरायचे, तिसरा माल उतरला त्या दिवशी. दोन सीझन झाले की कोणाच्या 'विल'चं वजन किती ते तुमच्यासमोर असेल. माझ्या वहीत एक सप्लायर आहे, त्याचा 'टुमॉरो' मी डोळे झाकून परवा धरतो. दुसरा एक नेहमी 'विल ट्राय, नो प्रॉमिस' असं लिहितो, आणि आजवर एकदाही उशीर केलेला नाही. ऑक्टोबरची ताडपत्री मी त्याच्याकडूनच घेतो.